मिरजेचा तंबोरा आणि तो घडविणारे



या मांडवात दर वसंतात मोठमोठे विद्वान येऊन बोलून गेले आहेत. यंदा चालकांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की हा हमालांचा माणूस, हा बोनस, महागाई आणि संप यांवरच बोलणार. आम्ही ‘तंबोरा’ हा विषय सांगितल्यावर बैठकीतले एक गृहस्थ हसले. त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्ही शाळा नववीत सोडली. मालधक्क्यावर आणि मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते गावातल्या वाचनालयात, शिपाई दिवे मालवू लागेपर्यंत बसून वाचले. राग ओळखण्याचा आमचा दावा नाही. यमन आणि भूप यांत आमची आजही गल्लत होते. म्हणून गवयांच्या गळ्याविषयी आम्ही बोलणार नाही. ते बोलणारे येथे पुष्कळ आहेत. गवयाच्या पाठीमागे जे वाद्य उभे असते, आणि ते ज्याने उभे केले तो माणूस मैफलीत कोठेच नसतो, त्याविषयी आम्हांस बोलायचे आहे. आमच्या मते हा मजुरीचा विषय आहे, आणि म्हणूनच तो इतिहासाचाही आहे.

आपल्या मिरजेला इतिहासाचे वेड जुने. वासुदेवशास्त्री खरे यांनी याच गावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असताना पटवर्धनांच्या दप्तरांतले कागद एकेक करून वाचले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. 1924 साली ते वारले, तोपर्यंत हे काम चालू होते. ते कागद आज जो कोणी वाचील त्याला कोणत्या मोहिमेत किती स्वार होते, कोणी कोणाला काय लिहिले, रोजमुरा किती थकला, हे सारे कळते. पण ज्या तलवारी त्या मोहिमांत चालल्या त्यांना धार लावणारा कोण, हे त्यांत शोधू गेल्यास हाताला फारसे काही लागत नाही. त्याने पत्रे लिहिली नाहीत. त्याला कोणी पत्र लिहिले नाही. त्याचे दप्तर म्हणजे त्याच्या हातची वस्तू. ती मोडली की दप्तर जळाले असे समजावे.

आणि आमची कथा नेमकी त्या धार लावणाऱ्यापासूनच सुरू होते.

मिरजेचा किल्ला थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात गोविंद हरी पटवर्धनांकडे आला. जेथे फौज तेथे हत्यार, आणि जेथे हत्यार तेथे शिकलगार. तलवारी, भाले, खंजीर यांना शिकल करणारी, म्हणजे घासून-पुसून धार व चकाकी देणारी ही मुसलमान कारागिरांची जमात. 1818 साली पेशवाई बुडाली आणि दक्षिणेतल्या फौजांचे दिवस संपले. इतिहासाच्या पुस्तकांत या सालापुढे इंग्रजी अंमलाचे नवे प्रकरण सुरू होते. शिकलगाराच्या घरात काय सुरू झाले असेल? आज गिरणी बंद पडली म्हणजे कामगाराच्या घरात जे सुरू होते तेच. हात तयार, अवजारे तयार, आणि काम नाही. आम्ही आपल्या आसपास असे बंद पडलेले पुष्कळ पाहिले आहे, म्हणून 1818 हे साल वाचले की आम्हांला शनिवारवाड्यावरचे निशाण आठवत नाही. सहाणेपुढे रिकामा बसलेला माणूस दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेच्या संस्थानिकांना गाण्याचा शौक होता. दरबारात गवई येत, उत्तरेकडून तंबोरे येत, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात तंबोऱ्यासारखी नाजूक वस्तू धड कशी राहील? सांगतात ते असे, की दुरुस्तीसाठी जवळपास कोणी मिळेना, तेव्हा फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराकडे आणि त्यांच्या भावाकडे ते काम आले. त्यांनी आधी दुरुस्ती केली, मग खोलून पाहिले, मग तसाच नवा करून पाहिला. पुढे तेच घराण्याचे नाव झाले : सितारमेकर. एका इंग्रजी शब्दाने शिकलगाराचे आडनाव बदलले, आणि ते गल्लीला चिकटले ते आजतागायत.

ही गोष्ट बहुतेक लेखांत राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. संस्थानिकांनी आश्रय दिला हे खरेच आहे, ते नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण आश्रय पुष्कळ गावांतल्या संस्थानिकांनी दिला. तंबोरे मात्र मिरजेतच का झाले? आमच्या मते याचे उत्तर कानशीत आहे. तंबोऱ्याचे सारे नशीब ज्या एका कामावर अवलंबून असते ते काम, म्हणजे जवारी, हे घासण्याचे काम आहे. पात्याची धार मापाने लावता येत नाही. ती अंगठ्याला कळते. घोडीचा उतार मापाने काढता येत नाही; तो बोटाला आणि कानाला कळतो. हाडाचा किंवा शिंगाचा इंचभर रुंदीचा तुकडा किती घासायचा आणि कोठे थांबायचे, हे ज्याच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या मुरले होते, तोच हे काम उचलू शकला. सुताराने नुसता सांगाडा केला असता. शिकलगाराने त्यात आवाज आणला. हे आमचे अनुमान आहे. कोणी कारागिराने आम्हांस ते खोटे पाडून दाखविले तर आम्ही आनंदाने मागे घेऊ. अद्याप कोणी पाडलेले नाही.

आता तंबोरा होतो कसा, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण घरी तंबोरा असलेल्या माणसांनाही ते ठाऊक नसते असा आमचा अनुभव आहे.

भोपळा मिरजेचा नव्हे. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेच्या काठच्या रानातला कडू भोपळा. तो खाण्याचा नाही, म्हणून बाजारात त्याला दुसरे गिऱ्हाईकही नाही. शेतकरी वेलावरच तो नीट बसवितो, म्हणजे त्याचा आकार एका बाजूला कलत नाही. वाढ पुरी झाली की तो वाळू द्यायचा. साल टणक झाली, आतल्या बिया खुळखुळू लागल्या, की मग तो हलतो. ऐन वाळण्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला, की फळ कुजते. उजनीचे पाणी रानात आल्यापासून त्या मुलखाचा ओढा उसाकडे झाला. ज्याला उसाचे बिल दिसते त्याने कडू भोपळ्याकडे वळून का पाहावे? तरीही काही घरे हे पीक धरून राहिली आहेत. गवई, कारागीर आणि शेतकरी या तिघांत पहिल्याचे नाव हजारो लोकांना ठाऊक असते, दुसऱ्याचे शंभरांना, तिसऱ्याचे फक्त दुसऱ्याला.

1927 साली बार्शी लाईट रेल्वेचे अरुंद रूळ पंढरपूरहून मिरजेपर्यंत आले. ती छोटी गाडी आमच्या पिढीने पुरेपूर अनुभवली आहे. वारकऱ्यांनी भरून यायची, घाटचढावावर दम खायची. आम्ही पोरे फलाटावर उभे राहून मोठाल्या भोपळ्यांच्या जाळ्या उतरताना पाहिल्या आहेत. उतरविणारे हमाल त्या जाळ्या इतर मालासारख्या आपटीत नसत. त्यांना कोणी तसे बजावलेलेही नव्हते. पुढे आम्ही त्याच हमालांत काम करू लागलो, तेव्हा एका म्हाताऱ्याला याचे कारण विचारले. तो म्हणाला, ‘‘अरे, ते पीराच्या गाण्याचं सामान.’’ एवढेच. ती गाडी आता राहिली नाही. रूळ रुंद झाले आणि जाळ्या ट्रकने येऊ लागल्या.

कारखान्यात (आम्ही कारखाना म्हणतो, पण ती असते एक बारा-पंधरा फुटांची खोली आणि पुढे एक पडवी) भोपळा आधी पाण्यात भिजवितात. मऊ झाला की तोंड कापून गर आणि बिया खरवडतात, आत काड्यांचे आधार देऊन कड ताणून धरतात आणि पुन्हा वाळवितात. त्याला लाकडी गळा जोडायचा, गळ्याला पोकळ दांडी, पोटावर पातळ लाकडाची तबली. लाकूड हलके, तांबूस. त्याला तून म्हणतात. मग खुंट्या, मग नक्षी. पूर्वी नक्षीत हस्तिदंत बसे. तो व्यापार कायद्याने बंद झाल्यावर उंटाचे हाड आणि प्लास्टिक आले. त्यानंतर चपड्याचे पॉलिश, हाताने, एकावर एक, तळवा काळा होईपर्यंत. मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, जनानीचा लहान. चार तारा : पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्‌जाच्या, शेवटची खर्जाची. एवढे झाले म्हणजे तंबोरा दिसायला पुरा झाला. पण तो अजून मुका आहे.

यापुढचे आम्हांस ज्या रीतीने कळले ती हकीगत आमच्या पराभवाची आहे, पण सांगितली पाहिजे. 1996 साल असावे. आम्ही तेव्हा ऐन उमेदीत होतो. गावात जो जो कोणी मजुरी करतो त्याची संघटना झालीच पाहिजे, असे आमचे ठाम मत होते. काखेत पावतीपुस्तक मारून आम्ही सितारमेकर गल्लीत गेलो. एका खोलीत चौघे काम करीत होते. आम्ही उभ्या-उभ्या भाषण सुरू केले : नगावर मजुरी, कामाचे तास नाहीत, आजारपणाची रजा नाही, फंड नाही, म्हातारपणी काय? एक वयस्क कारागीर मान खाली घालून काम करता करता सारे ऐकत होते. आम्ही थांबल्यावर ते म्हणाले, ‘‘बेटा, तुझं सगळं बरोबर आहे. पण संप कुणाच्या विरुद्ध करू? कारखानदार माझा मामू. तो हा माझ्या उजव्या हाताला बसून लाख घासतोय. आणि त्याच्या डोक्यावर कर्ज माझ्यापेक्षा जास्त आहे.’’ मामू हसले. आम्हांस उत्तर सुचले नाही. आमच्या वाचनात मालक आणि मजूर हे समोरासमोर उभे असत; एकाच सतरंजीवर बसलेले आम्ही वाचले नव्हते.

आमची पंचाईत ओळखून त्यांनी आम्हांस खाली बसविले. समोर एक नवा तंबोरा होता. त्यांनी तार छेडली. टिप्प असा कोरडा आवाज आला आणि विरला. मग त्यांनी तारा सैल केल्या, घोडीवर बारीक कानस फिरविली. दोन हात, चार हात, फुंकर. पुन्हा तार, पुन्हा कानस. मधे कोणी बोलत नव्हते. मामूंनीही घासणे थांबविले होते. तासभर तरी गेला असेल. शेवटी तार ताणून तिच्याखाली सुताचा एक धागा सरकविला आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करू लागले. आणि एका जागी तो येताच तीच तार, तोच भोपळा, पण खोली भरून गेली. एका सुरातून दुसरे सूर निघू लागले. घोडीची पाठ सपाट नसते, अगदी मंद उताराची असते. तार कंप पावताना त्या पाठीला ओझरती घासत जाते, आणि त्या घासण्यातून वरचे सूर मोकळे होतात, हे त्यांनी नंतर समजावले. खर्जाची तार नीट लागली की न लावलेला गांधार त्यातून आपोआप ऐकू येतो, असे जाणकार म्हणतात. आम्हांस त्या दिवशी गांधार कळला नाही. कोणीतरी आणखी एक खोलीत आले आहे असे मात्र वाटले.

आम्ही विचारले, या कामाचे वेगळे पैसे किती? ते म्हणाले, ‘‘वेगळे कसले? तंबोऱ्यातच धरलेले असतात.’’

पावतीपुस्तक आम्ही तसेच कोरे परत आणले.

आता ज्यांच्यासाठी हे तंबोरे झाले त्यांच्याकडे येऊ. ही नावे आपणांस पाठ आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले आणि शिकविते झाले. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा मुलगा, फटाक्याने डोळे अधू झालेला, उपचारासाठी मिरजेस आला आणि बुवांकडे गाणे शिकू लागला. ते विष्णु दिगंबर पलुसकर. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. दरबारी समारंभात गवयाला मिळणारी वागणूक त्यांना सोसली नाही, असे सांगतात. पुढे 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या पैशावर. आम्हां वर्गणीवर जगणाऱ्या माणसांना हा गवई जवळचा वाटतो तो यासाठी. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांचा जन्म मिरजेतच, 1898 चा. आणि 1905 साली नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन याच गावात रंगभूमीवर शकुंतला म्हणून उभा राहिला. त्याच्या कानाचा उपचार मिशन हॉस्पिटलात वानलेस साहेबांनी केला होता. एकाचे डोळे, एकाचे कान. मिरजेच्या संगीताच्या इतिहासात वैद्यांचा वाटा किती, यावर कोणी डॉक्टराने येथे यावे आणि बोलावे.

पण मिरजेशी ज्यांचे नाते या सर्वांहून खोल, ते अब्दुल करीम खाँसाहेब. 1872 साली उत्तरेतल्या किराण्यात जन्म. विसाव्या शतकाच्या आरंभी ते या भागात आले. प्लेगने आजारी पडले असता मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन बरे झाले, अशी कथा आहे. कथा खरी की कशी, हे आम्ही ठरवीत नाही. एवढे खरे, की ते या गावाचे झाले. हिराबाई बडोदेकरांचा जन्म 1905 साली मिरजेतच झाला. पुण्यास 1913 साली खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे बराच काळ ते बाहेर राहिले, पण परत आले ते मिरजेसच. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हा गवई वाद्य दुरुस्त करू शकत असे. जवारी काढण्यात त्यांचा स्वतःचा हात चाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले, तेव्हा सूर गाऊन दाखविण्यास त्यांनी खाँसाहेबांनाच बोलाविले. ज्या माणसाचा कान इतका सूक्ष्म, तो गिऱ्हाईक म्हणून गल्लीत येऊन बसत असेल तेव्हा कारागिरांची कसोटी काय लागत असेल! आणि कारागिरांमुळे त्यांच्या कानाला काय मिळाले असेल, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तो कोणी विचारीत नाही. गवयाने कारागिराला शिकविले असे आपण सहज म्हणतो. उलटे म्हणायला आपली जीभ वळत नाही.

27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासेकडच्या प्रवासात त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमलकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, तेथेच तंबोरा लावून ईश्वराचे नाव गायिले आणि फलाटावरच प्राण सोडला, असे सांगतात. देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला. स्टेशनावर आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना ही हकीगत वाचताना नेहमी एक गोष्ट मनात येते : त्या फलाटावर त्या वेळी हमाल असतील, पोर्टर असेल. गाणे काय चालले आहे हे त्यांना कळले असेल काय? ते थांबले असतील, असे आम्हांस वाटते.

त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, गाण्याची सभा भरते. हिंदुस्थानातले मोठमोठे कलावंत तेथे येतात. तिकीट नाही, खुर्चीचा मान नाही. कलावंत या गाण्याला ‘हजेरी’ म्हणतात. आमच्या लोकांत हजेरी म्हणजे मुकादमाच्या वहीतली खूण, जिच्यावर पगार निघतो. येथे हजेरी म्हणजे आपण होऊन उभे राहणे. दोन्ही अर्थांचे लोक त्या झाडाखाली शेजारी शेजारी बसतात. पहाटेची पाळी करून आलेला हमाल खांद्यावरचे फडके अंथरून बसलेला आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्या शेजारी पुण्याहून खास आलेले रसिक वकीलही. कोण अधिक समजून ऐकत होता, ते मोजण्याचे यंत्र निघालेले नाही.

याच उरुसाची आणखी एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. पीराला पहिला गलेफ चढविण्याचा मान चर्मकार समाजाचा. गावात सरदार होते, संस्थानिक होते, काझी होते, सावकार होते. मान मात्र चांभाराचा. कोणा चर्मकार भक्तावर पीराचे प्रेम होते, म्हणून हा मान, असे सांगतात. ही रीत केव्हापासून, हे सांगणारा कागद आमच्या हाती नाही. पण ती दर वर्षी पाळली जाते, आणि दर वर्षी पाळली जाणारी गोष्ट हा देखील एक दस्तऐवजच असतो.

एवढे सांगून थांबलो तर आम्ही आपणांस गोड गोष्ट सांगून घरी पाठविली असे होईल. 2009 च्या सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, एका कमानीवरच्या चित्रावरून याच गावात दंगल झाली. दगड आले, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. आम्ही तेव्हा शांतता समितीच्या लोकांबरोबर फिरत होतो. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरताना ‘हे संगीताचे गाव’ हे वाक्य आम्हीच किती वेळा उच्चारले, आणि त्या रात्रींत ते किती पोकळ वाजले, ते आम्हांस ठाऊक आहे. जवारी न काढलेल्या तंबोऱ्यासारखे. सितारमेकर गल्ली बंद होती. तेथे एका हिंदू कीर्तनकारांचा तंबोरा अर्धवट राहिला होता. संचारबंदी उठल्यावर तिसऱ्या दिवशी कीर्तनकार गल्लीत आले. कारागिराने घाईघाईने सांगितले, की बुवा, वस्तूला धक्का लागलेला नाही. बुवा म्हणाले, ‘‘मी तुम्हाला पाहायला आलोय. तंबोरा होईल सावकाश.’’ ही हकीगत आम्हांस कारागिरानेच सांगितली. तिच्यावरून सारे गाव शहाणे झाले असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. दगड मारणारे हातही याच गावचे होते.

आता आजची स्थिती. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत विजेवर वाजणारा तंबोऱ्याचा डबा आला आणि आता तर तो खिशातल्या फोनमध्ये शिरला. क्लासच्या गुरुजींना तो सोयीचा, प्रवासात सोयीचा. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. आम्हीही पेटीऐवजी ध्वनिक्षेपकावर बोलतोच आहोत की! पण त्यामुळे शिकाऊ मुलांचा लहान, स्वस्त तंबोरा विकला जाईनासा झाला, आणि नवा कारागीर हात बसवायला शिकत असे तो याच लहान तंबोऱ्यावर. 2020 च्या टाळेबंदीत मैफली थांबल्या, तशी मागणीही थांबली. तेव्हा आम्ही धान्याच्या पिशव्या घेऊन गल्लीत गेलो असता एका घरातला मुलगा औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर लागल्याचे कळले. तेथे त्याला बापापेक्षा जास्त मिळत होते. बाप म्हणाला, बरे झाले. तो ते खरेपणाने म्हणाला, हे आमच्या मनाला अधिक लागले.

1948 च्या कारखाना कायद्याने यंत्र वापरणाऱ्या जागेत दहा आणि न वापरणाऱ्या जागेत वीस माणसे असली तरच तिला कारखाना मानले. पुढे ही मर्यादा वाढतच गेली. चार माणसांची खोली कधीच तिच्यात बसली नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला निदान नोंदणी मिळाली, पाठीवरच्या ओझ्याला कागद मिळाला. जवारी काढणाऱ्याला तेवढेही मिळाले नाही.

आणि नाव? काही वर्षांपूर्वी आम्ही कामानिमित्त एका मोठ्या शहरात गेलो होतो. तेथल्या वाद्यांच्या एका झकपक दुकानात काचेआड एक तंबोरा उभा होता. नक्षी पाहताच आम्ही ओळखला. ती पाने आमच्या गल्लीतलीच. वर पितळी पट्टी दुकानाच्या नावाची. विक्रेत्याला विचारले, हा कोठे झाला? तो म्हणाला, आमच्या वर्कशॉपमध्ये. किंमत ऐकून आम्ही बाहेर आलो. मिरजेत त्या कारागिराला त्यातले काय पोचले असेल, याचा हिशेब आम्ही गाडीत बसून बोटांवर करीत राहिलो.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही चांगली गोष्ट झाली. ज्यांनी त्यासाठी खेटे घातले त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. यापुढे दुसरीकडची वस्तू मिरजेची म्हणून विकता येणार नाही. पण मानांकन गावाच्या नावाचे आहे. हाताचे नाव त्यात नाही. गावाचे नाव आधीही मोठेच होते. मजुरी लहान होती.

आमच्याने संघटना झाली नाही, हे आम्ही कबूल केलेच आहे. पण गेली तीन वर्षे आम्ही एक वही घातली आहे. गल्लीतल्या वृद्धांना भेटून कोण कोणाकडे शिकला, कोण जवारीत तरबेज होता, कोणाचा हात नक्षीत होता, कोणी काम सोडले आणि का, हे उतरून घेत आहोत. बायकांची नावे विशेष विचारतो, कारण भोपळे भिजविणे, खरवडणे, पॉलिश पुसणे या कामांत घरच्या बायकांचे हात असतात आणि त्यांना कोणी कारागीर म्हणत नाही. वहीची शंभरएक पाने झाली आहेत. अडचण येते ती दोन पिढ्यांमागच्या नावांची. तेथे स्मरण संपते.

यात आपली मदत होऊ शकेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबांच्या वेळचा तंबोरा असेल, माळ्यावर, गवसणीत. तो खाली काढावा. तबलीच्या आतल्या अंगाला किंवा भोपळ्याच्या पोटात कधी कधी कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते, कधी पेन्सिलीने नाव आणि साल लिहिलेले असते. विजेरी लावून तारांच्या फटीतून पाहावे. जुनी पावती, पत्र, खरेदीच्या वेळचा फोटो असला तरी चालेल. जे सापडेल ते उतरून येथे वाचनालयात आमच्या नावे ठेवावे. आम्ही रोज संध्याकाळी सहानंतर असतो. तंबोरा कोणी विकावा असे आमचे म्हणणे नाही. तार तुटलेली असली तर मात्र गल्लीत नेऊन बसवून घ्यावी, आणि जवारीचे पैसे वेगळे विचारून द्यावेत.